बग्गीचं वायरिंग स्वतः बांधलं: ठाण्याच्या वागळे इस्टेटच्या गाळ्यातल्या नोंदी

गाडी कोणती, ते आधी. पाइप वेल्ड करून केलेली दोन सीटची बग्गी. इंजिन मारुती ८०० चं, कार्बोरेटरवालं, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. मूळ गाडीत ते पुढे असतं, इथे सीटच्या मागे आहे. बॅटरी पुढे. पुढचे-मागचे पॅनेल फायबरचे. चॅसीचं, म्हणजे सांगाड्याचं, काम दोन वर्षं चाललं, ते इथे लिहीत नाही.

गाडी रस्त्यावर आणायची नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२६ प्रमाणे गाडीच्या नमुन्याची पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून चाचणी व्हावी लागते, आणि एकाच गाडीसाठी ते आपल्या आवाक्यातलं नाही. ती मुरबाडला मामांच्या शेतावर चालणार. तरी हेडलाइट, ब्रेक लाइट, इंडिकेटर सगळं हवं, कारण अंधार पडल्यावर शेतातल्या वाटेवर माणसं आणि गुरं दोन्ही असतात.

आठवडाभर नोकरी, त्यामुळे काम बहुतेक रविवारीच. जागा मित्राच्या गाळ्याचा मागचा कोपरा. मदतीला कळव्याचे काका: ट्रकचं वायरिंग करण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आता निवृत्त आहेत. आणि माझी मुलगी, नववीत. लेबलं सगळी तिच्या अक्षरातली.

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

इंजिनासोबत आलेलं जुनं वायरिंग वापरायचं असा विचार होता. आज ते जमिनीवर पसरलं. तीन ठिकाणी कापलेलं, पाच ठिकाणी पिळून जोडलेलं. एक वायर सोलली तर आतलं तांबं काळं. आणखी दहा इंच मागे सोलली, तरी काळंच. इन्सुलेशन वाकवलं की तडकतंय. शिवाय ते पुढच्या इंजिनासाठीचं. इथे प्रत्येक लांबी चुकीची.

नवं बांधायचं ठरलं. जुन्यातले कपलर, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणारे प्लास्टिकचे सॉकेट, मात्र ठेवले. प्रत्येक कपलरला वीतभर वायर राखून कापला आणि कुठला ते चिठ्ठीवर लिहिलं. डिस्ट्रिब्युटर, टेंपरेचर सेंडर, डिपर स्विच यांचे कपलर सुटे मिळवायला वणवण होते. तुम्ही जुनं वायरिंग भंगारात देणार असाल तर आधी एवढं करा.

२५ ऑगस्ट, रविवार

कागदावरचं काम. प्रत्येक वस्तू किती करंट खाते त्याची यादी केली. हेडलाइटचा बल्ब ६०/५५ वॉटचा, म्हणजे अप्परला दोन मिळून १२० वॉट, १२ व्होल्टवर १० अँपियर. ब्रेक लाइट २१ वॉटचे दोन. इंडिकेटर २१ वॉटचे चार. रेडिएटरचा पंखा बॅटरीवर लावून मोजला: चालताना ९ अँपियर, सुरू होताना क्षणभर बराच जास्त. दोन हॉर्न मिळून ८.

त्यावरून वायरी ठरवल्या. पार्किंग, इंडिकेटर, मीटर यांना पाऊण एमएम, ब्रेक लाइटला एक, रिलेपासून (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) प्रत्येक हेडलाइटला दीड, पंख्याला अडीच, फ्यूज बॉक्सच्या फीडला सहा, अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणारं जनित्र) बी प्लस टोकापासून बॅटरीपर्यंत दहा, सेल्फला (इंजिन सुरू करणारी मोटर) पंचवीस. बाजारात 'दीड एमएम' म्हणतात ते तांब्याचं क्षेत्रफळ, दीड चौरस मिलिमीटर. व्यास नव्हे.

फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो, बल्बला नाही. म्हणून आधी वायर ठरवली आणि ती सोसेल त्याच्या खालचा फ्यूज धरला. डाव्या-उजव्या हेडलाइटला वेगवेगळे फ्यूज, म्हणजे एक गेला तर अंधारात दुसरा उरतो.

चित्र काढताना रिलेवरचेच आकडे वापरले: ३० ला बॅटरी, ८७ ला बल्ब, ८५-८६ कॉइल. चावीमागचा प्लस १५, अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे परत जाणारी वाट) ३१, सेल्फ ५०. जर्मन पद्धतीचे हे आकडे स्विच आणि रिलेवर छापलेलेच असतात, त्यामुळे चित्र आणि वस्तू एकाच भाषेत बोलतात.

संध्याकाळी काकांना चित्र दाखवलं. दोन मिनिटं बघून म्हणाले, "प्लस सगळा छान काढलायस. मायनस कुठाय?" मी प्रत्येक वस्तूच्या खाली अर्थची तीन रेघांची खूण करून सोडून दिली होती. म्हणालो, "काका, चॅसी आहे ना सगळी." ते काही बोलले नाहीत. तेव्हाच थांबून विचारायला हवं होतं.

३१ ऑगस्ट, शनिवार

लोहार चाळ, मुंबईतला विजेच्या सामानाचा बाजार, रविवारी बंद, म्हणून अर्धी रजा टाकून सकाळची लोकल पकडली. सीएसएमटीहून चालत. इथे पहिली महागडी चूक केली: घरगुती एफआर (आग लवकर न पकडणाऱ्या) वायरची दीड एमएमची ९० मीटरची दोन बंडलं घेतली, ३,९०० रुपयांना. तांबं चांगलं, भाव चांगला, आणि दीड म्हणजे दीड, असं वाटलं.

गाळ्यात आल्यावर कॅलिपर लावला. ही वायर बाहेरून ३ मिमीच्या वर. गाडीची दीड एमएमची वायर साधारण २.४ मिमी. एका वायरीला फरक किरकोळ, पण मधल्या मुख्य जुडग्यात १९ वायरी आहेत. त्या धरून बघितल्या तर मूठ भरली, आणि २० मिमीच्या कॉरुगेटेड (नालीदार) पाइपमध्ये जाईना. कपलरच्या रबरी सीलमधूनही जाईना. घरगुती दीड एमएममध्ये ०.३ मिमीच्या २२ तारा असतात, गाडीच्या वायरीत ०.२५ मिमीच्या ३०. कंप सोसायला बारीक आणि जास्त तारा बऱ्या. आणि घरगुती पीव्हीसी ७० अंशांपर्यंतची, इंजिनाजवळ लागणारी १०५ अंशांची. बंडलावर एफएलआरवाय असं छापलेलं असेल तर ती ही पातळ कातडीची गाडीची वायर.

नंतरच्या आठवड्यात कुर्ल्याहून गाडीची वायर मीटरवर आणली, सहा रंगांत, ५,६०० रुपये. घरगुती बंडलांनी गाळ्यातले दिवे नव्याने ओढून झाले, पण ते पैसे बग्गीच्याच खात्यात खर्च धरलेत.

सेल्फच्या केबलसाठी वेल्डिंग केबल घेतली, तीही एका दुकानातून स्वस्तात, ४५० रुपयांना. हातात हलकी लागली. ब्लेडने एक तार खरवडली तर आतून पांढरी: ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि थिंबलमध्ये (केबलच्या टोकाला बसणारी धातूची टोपी) दाबलं की काळाने सैल पडतं. ती बाजूला टाकली. केबल घेताना टोक खरवडूनच घ्या, दुकानदार रागावला तरी.

७–८ सप्टेंबर

गणपती. आमच्याकडे दीड दिवसाचा. काम नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

आज सुतळीचा दिवस, आणि सगळ्या कामात सर्वांत समाधानाचा. गाडीवर प्रत्यक्ष वायर जाईल तिथून सुतळी ओढली, फाट्यापाशी गाठ मारली, टोकाला चिठ्ठी. स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघितलं. इंजिन रबरी माउंटवर आहे, रेस देताना हलतं. तिथे हातभर ढील ठेवली. मग ती सगळी सुतळी आठ बाय चारच्या प्लायवर उतरवली, वळणांवर खिळे ठोकले, पेन्सिलीने रेघ. जुडगं प्लायपेक्षा लांब, म्हणून मधे एक वळसा देऊन परत आणलं.

प्रत्येक टोकाला १५ सेंमी वायर जास्त धरली. त्यावर मुलीने विचारलं, "बाबा, एवढी वाया का घालवायची?" त्याचं उत्तर दहा दिवसांत मिळालं, खाली येतं.

२२ सप्टेंबर, रविवार

वायरीच्या टोकाला धातूचं टर्मिनल दाबून बसवणे, म्हणजे क्रिंपिंग. यावर सविस्तर लिहितो, कारण पूर्ण दिवस गेला आणि हाच दिवस वाचवता आला असता.

सुरुवात साध्या पकडीने केली. बारा टर्मिनल दाबली, दिसायला उत्तम. मग पाण्याचा १० लिटरचा कॅन भरून प्रत्येक वायरीला टांगला, वायर एक एमएमची. बारातली पाच सरकून निघाली. एक तर कॅन हातातून सोडण्याआधीच. पकडीने टर्मिनलचे कान नुसते चपटे होतात. ते आत वळून तारांच्या गाभ्यात घुसायला हवेत, आणि मागचे दोन कान इन्सुलेशनला धरायला हवेत. तांबं पुढच्या कानांत, कातडी मागच्या कानांत. पकडीला हे जमत नाही.

दुपारी १,६५० रुपयांचा रॅचेटवाला क्रिंपर आणला. त्याचा दात पूर्ण दाबल्याशिवाय सुटत नाही, म्हणून हात थकला तरी दाब तेवढाच पडतो. पुन्हा बारा केली, पुन्हा कॅन. एक निघालं, कारण मी ते चुकीच्या खाचेत दाबलं होतं. अकरा जशीच्या तशी. चुकलेलं खाच बदलून पुन्हा केलं, तेही टिकलं.

काका क्रिंप करून वर सोल्डर मारतात. मी मारलं नाही. कथील वायरीतून वर चढतं, कातडीच्या आत जातं, आणि जिथे ते संपतं तिथे वायर एका बाजूला कडक, एका बाजूला मऊ. गाडी थरथरली की तिथेच तुटते. काकांनी बांधलेले ट्रक वर्षानुवर्षं चालले हेही खरं, कारण ते सोल्डरच्या मागे दोन इंचांवर वायर घट्ट बांधतात आणि तो सांधा हलूच देत नाहीत. ज्याचा हात तेवढा बसलेला नाही त्याने चांगला क्रिंपर घ्यावा आणि सोल्डर फक्त टेबलावरच्या कामाला ठेवावं, असं माझं मत.

वाया गेलेल्या टर्मिनलांचे ३०० रुपये.

२९ सप्टेंबर, रविवार

बुधवारी, २५ तारखेला संध्याकाळी जो पाऊस कोसळला, त्यात गाळ्याच्या शटरखालून पाणी आत आलं. प्लाय भिंतीला टेकवून ठेवला होता आणि त्याची खालची कड रात्रभर ओली राहिली. त्या कडेला मागच्या लाइटची नऊ टोकं होती, सोललेली, टर्मिनल बसायची बाकी.

तारांच्या मधून पाणी दिव्याच्या वातीसारखं वर चढतं. आज टोकं कापून बघितली: चार दिवसांत ६ ते ८ सेंमीपर्यंत तांबं मंद पडलेलं. दहा-दहा सेंमी कापून टाकली आणि राखलेली १५ सेंमी कामाला आली. ती नसती तर मागचा पूर्ण फाटा नव्याने ओढावा लागला असता. मुलगी शेजारीच उभी होती, तिला सांगावं लागलं नाही.

नियम एकच केला: वायर सोलली की त्याच बैठकीत टर्मिनल. जमणार नसेल तर सोलायचीच नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

गुंडाळणी. आधी प्रत्येक वायरीची दोन्ही टोकं मल्टिमीटरने तपासली, मुलगी आकडा वाचायची, मी बीप ऐकायचो. ४३ वायरी. दोन पिवळ्या वायरींना २७ हाच आकडा लागला होता, त्यातली एक ३१ निघाली. हे टेप लावण्याआधी कळलं म्हणून पाच मिनिटांत मिटलं.

घरगुती काळी चिकटपट्टी वापरू नका. उन्हाळ्यात इंजिनाजवळ तिचा डिंक वितळतो, हात चिकट होतात आणि पट्टी सुटून लोंबते. इंजिनाच्या बाजूला कापडी हार्नेस टेप, वर कॉरुगेटेड पाइप. डॅशबोर्डमागे नुसती टेप. फाट्यांवर टेपचे आडवे-उभे दोन फेरे. टेप, पाइप, ग्रोमेट (वायर जाते त्या भोकातली रबरी कडी) मिळून १,१५० रुपये.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. क्रिंपर, मीटर, पकडी, वेल्डिंगचं हँडल अशी सगळी हत्यारं पाटावर मांडली, झेंडूची फुलं वाहिली, बग्गीलाही हार. काका आले होते, सोनं देऊन गेले. दुपारी जुडगं प्लायवरून उतरवून गाडीत घातलं. सुतळीने मापलेलं असल्यामुळे प्रत्येक टोक जागेवर पोचलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

पहिला करंट. बॅटरी थेट जोडली नाही. मुख्य फ्यूजच्या जागी २१ वॉटचा बल्ब जोडला. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि पावणेदोन अँपियरच्या वर करंट जाऊच शकत नाही, म्हणजे काहीही जळत नाही. फ्यूज टाकून बघत बसलं तर एकेक फ्यूज उडत राहतो.

चावी बंद, सगळे स्विच बंद, आणि बल्ब पूर्ण पेटला.

एकेक फ्यूज काढत गेलो. पार्किंगचा काढला आणि बल्ब विझला. मग पार्किंगच्या वायरीवरचे कपलर एकेक सोडवले: मागचा डावा, मागचा उजवा, पुढचे, मीटरचा लाइट, शेवटी स्विचही. बल्ब तसाच. म्हणजे दिवे निर्दोष, दोष वायरीतच. मुख्य जुडगं डाव्या पाइपवरून जातं, तिथल्या क्लिपा मी सेल्फ-टॅपिंग स्क्रूने लावल्या होत्या. चौथ्या क्लिपचा स्क्रू ढिला केला आणि बल्ब विझला. स्क्रू तिरका जाऊन पाइप, टेप आणि इन्सुलेशन भेदून तांब्यापर्यंत पोचला होता.

साडेतीन तास गेले. सगळे टोकदार स्क्रू काढले. पाइपमध्ये रिव्हनट (रिव्हेटसारखे बसणारे आट्यांचे नट) बसवून सहा एमएमचे बोल्ट आणि रबर लावलेल्या क्लिपा. दुखावलेली वायर कापून नवा क्रिंप-जोड आणि त्यावर आतून डिंक असलेली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी). त्यानंतर फ्यूज लावून एकेक दिवा पेटवला. सगळे पेटले. हॉर्न वाजला तेव्हा शेजारच्या गाळ्यातली माणसं बघायला आली.

२० ऑक्टोबर, रविवार

आज गाडी जळता जळता वाचली.

सेल्फ मारला. इंजिन जेमतेम अर्धा फेरा फिरलं, सोलेनॉइडची टकटक. बॅटरी १२.६ दाखवत होती. पुन्हा मारला, तिसऱ्यांदा मारला, आणि सीटच्या मागून प्लास्टिक जळाल्याचा वास. मुलगी ओरडली, "बाबा, धूर!" मी बॅटरीचं मायनस टोक उपसलं. ते पाना न लावता हाताने निघेल असं ठेवलं होतं, हे नशीब.

धूर ॲक्सिलरेटरच्या केबलमधून येत होता. क्लचची केबलही हात लावू देईना. वायरिंगचा तिथे संबंधच नाही, म्हणून पंधरा मिनिटं डोकं चालेना. काकांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "इंजिनाचा मायनस कुठून आणलास?"

इंजिन चार रबरी माउंटवर बसलेलं आहे. रबरातून करंट जात नाही. बॅटरीचं मायनस मी पुढे चॅसीला दिलं होतं, आणि चॅसीपासून इंजिनापर्यंत काहीच नव्हतं. सेल्फचा शंभराहून जास्त अँपियरचा करंट परत यायला वाट शोधत होता, आणि इंजिन व चॅसी यांना जोडणारं लोखंड दोनच ठिकाणी होतं: ॲक्सिलरेटरची तार आणि क्लचची तार. त्या तापल्या, आतलं नायलॉन वितळलं.

दोन्ही केबल नव्या, ६५० रुपये. अर्थसाठी गिअरबॉक्सच्या बोल्टपासून थेट बॅटरीपर्यंत पंचवीस एमएमची तांब्याची केबल ओढली, आणि इंजिनापासून चॅसीला वेगळा विणलेला पट्टा. चॅसी चालली असती, पण सव्वातीन मीटर पाइप आणि मधले सांधे यांच्या भरवशावर सेल्फ सोडायचा नाही असं ठरवलं. प्लस आणि मायनस मिळून आठ मीटर केबल, २,२०० रुपये.

संध्याकाळी सहाला पुन्हा सेल्फ. दुसऱ्या फेऱ्याला इंजिन लागलं. सेल्फ फिरताना बॅटरीच्या मायनस टोकापासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत मीटर धरला: ०.३ व्होल्ट.

चित्रातल्या सगळ्या तीन रेघांच्या खुणा आज खोडल्या. प्रत्येक अर्थला आता नंबर आहे, वायरीची जाडी आहे, आणि ती कुठल्या बोल्टला जाते ते लिहिलेलं आहे. ४३ वायरींच्या ५८ झाल्या.

२७ ऑक्टोबर, रविवार

ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचा इंडिकेटरचा दिवा मंद पेटतो. इंडिकेटर लावला की मागचे पार्किंग लाइट त्याच्या तालावर लुकलुकतात. हा आजार कोणत्याही गॅरेजमध्ये सांगा, "अर्थ" असंच उत्तर येईल. मलाही ते माहीत होतं. तरी दोन तास घालवले, कारण मीटर "अर्थ ठीक" म्हणत होता.

मागचे दिवे फायबरच्या पॅनेलवर आहेत, म्हणून त्यांना वेगळी काळी वायर दिली होती. दोन्ही बाजूंना मिळून एकच, पाऊण एमएमची, पावडर कोटिंग केलेल्या पाइपवरच्या स्क्रूला. मीटरने बीप दिला. आकडा ०.३ ओहम. छोटा वाटतो. पण मीटर तपासताना काही मिलीअँपियरच सोडतो. ब्रेक, पार्किंग आणि इंडिकेटर एकत्र लागले की त्या स्क्रूमधून ८ अँपियर जाऊ पाहतात, आणि ०.३ ओहमवर ८ अँपियर म्हणजे २.४ व्होल्ट तिथेच अडकले. मग करंट दुसऱ्या बल्बच्या तारेतून उलटा फिरून वाट काढतो आणि भलताच दिवा पेटतो.

म्हणून अर्थ ओहमवर तपासू नका. दिवे लावा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं दिव्याच्या अर्थला. जो आकडा दिसतो तेवढा तोटा. मला मागे २.१ दिसला.

दुरुस्ती: चॅसीवर आठ एमएमचा बोल्ट वेल्ड केला, भोवतीचं कोटिंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासलं, दातेरी वॉशर, थिंबल, नट, आणि घट्ट झाल्यावर वरून ग्रीस. डाव्या-उजव्या दिव्यांना स्वतंत्र दीड एमएम, आणि त्या बोल्टपासून बॅटरीपर्यंत अडीच एमएमची जोडवायर. आता आकडा ०.२. मागचे दिवे आधी मंद होते हे ते उजळल्यावर कळलं.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवाळीत मधल्या रविवारचं काम बुडालं. आज अल्टरनेटर.

जुन्या बाजारातून घेतलेला, बी प्लस आणि डी प्लस अशी दोनच टोकं. इंजिन सुरू, बॅटरी १२.३. चार्जिंग नाही. रेस खूप वाढवली की अचानक १४.१ वर उडी, आणि मग रेस कमी केली तरी टिकते. म्हणजे अल्टरनेटर चांगला, पण जागा होत नाही.

डी प्लसची वायर चार्जिंगच्या दिव्यातून येते आणि त्या दिव्यातून येणारा करंटच आत चुंबकत्व सुरू करून देतो. मी तिथे एलईडी लावला होता, दिसायला छान म्हणून. एलईडीमधून दहा-वीस मिलीअँपियर जातात. ३ वॉटच्या जुन्या पद्धतीच्या बल्बमधून २५०. बल्ब लावला, चावी फिरवली, दिवा पेटला, सेल्फ मारला, दिवा विझला, १४.१. खर्च २० रुपये. डॅशबोर्डवर सगळे एलईडी लावा, हा एक सोडून.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन गाळ्यावर गेलो.

हेडलाइट रिलेवर असूनही पिवळट वाटत होते. इंजिन चालू ठेवून मोजलं: बॅटरीवर १३.९, बल्बच्या टोकांवर १२.४. दीड व्होल्ट गेले कुठे? प्लसच्या बाजूने, फ्यूज, रिले, कपलर, वायर सगळं धरून ०.५. मायनसच्या बाजूने १.०. पुढच्या दोन्ही दिव्यांचा अर्थ रेडिएटरच्या रंगवलेल्या ब्रॅकेटवर एकाच थिंबलमध्ये होता. मागचा अर्थ दुरुस्त केला त्याच दिवशी पुढचाही मोजायला हवा होता; तीन आठवडे तो तसाच राहिला.

पुढेही तसाच वेल्ड केलेला बोल्ट, दोन्ही दिव्यांना स्वतंत्र दीड एमएम, बोल्टपासून बॅटरीपर्यंत सहा एमएम. मायनसचा तोटा ०.१, बल्बवर १३.३. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात नाही, त्याहून फार वेगाने वाढतो. एवढ्या फरकात साधारण पाव पट जास्त उजेड. समोरच्या भिंतीवरचा झोत पांढरा झाला. पंखा, हॉर्न, फ्यूज बॉक्स यांचे अर्थही आजच मोजले. सगळे ०.२ च्या आत.

२४ नोव्हेंबर, रविवार

टेम्पोने गाडी मुरबाडला नेली. दोन तास चालवली, शेवटचा अर्धा तास अंधारात. पंखा स्वतःहून लागला आणि बंद झाला. एकही फ्यूज गेला नाही. मामा शेजारी बसले होते, बांधावरून जाताना समोरची म्हैस आधी त्यांनाच दिसली.

परत आल्यावर जुडगं बोटांनी चाचपत गेलो. मागच्या उजव्या चाकाजवळ एक केबल टाय तुटला होता आणि तिथे कॉरुगेटेड पाइप सस्पेन्शनच्या आर्मला घासून अर्धा झिजला होता. वायर वाचली. तात्पुरती कापडी टेप मारली आहे.

हिशेब. वायर ५,६००, जाड केबल २,२००, क्रिंपर १,६५०, टर्मिनल आणि नवे कपलर २,३००, सहा रिले सॉकेटसह १,२६०, भंगारातला फ्यूज बॉक्स ५००, टेप-पाइप १,१५०. एकूण १४,६६०. चुकांचे वेगळे: घरगुती वायर ३,९००, ॲल्युमिनियमची केबल ४५०, टर्मिनल ३००, जळालेल्या केबल ६५०, म्हणजे ५,३००. वेळ ११८ तास, त्यातले चाळीसच्या आसपास पुन्हा करण्यात गेले, आणि त्या चाळिसातला बराचसा वेळ अर्थवर.

सुधारलेलं चित्र मुलीने नव्याने काढलं, अर्थच्या १५ वायरी हिरव्या रंगात. त्याची एक प्रत प्लास्टिकमध्ये घालून फ्यूज बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवली. पुढच्या रविवारी मागचं ते जुडगं सहा इंच वर, पाइपच्या आतल्या बाजूला घेतोय, आणि तिथे प्लास्टिकचा टाय नाही, बोल्टवाली रबरी क्लिप.